वीतभर फट

११ फेब्रुवारी, मंगळवार

पाया खणायला सुरुवात. दारात माणसं, फावडी आणि एक मिस्त्री — जो फावड्याला हात लावत नाही. नवऱ्याने विचारलं, मेअखेरपर्यंत खोली होईल ना? "होऊन जाईल." पाणी पुरेल? "होऊन जाईल." खणताना पाइप फुटला तर? "होऊन जाईल." पाइप फुटणारच असा अर्थ निघत होता, पण नवऱ्याचं समाधान झालं.

कागदावर सगळं सोपं आहे. बाबा सध्या दादाकडे. दादाची बदली झालीय, मेअखेरीला तो बिऱ्हाड हलवणार, नव्या ठिकाणी जागा एवढीशी. बाबांनी माझ्याकडे यायचं. पण आमच्याकडे संडास-बाथरूम वरच्या मजल्यावर, आणि कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून बाबांना जिना चढता येत नाही. म्हणून घराच्या बाजूच्या मोकळ्या पट्टीत एक लांबट खोली — पुढे पलंग, मागे बाथरूम. मेअखेरपर्यंत झाली नाही तर वृद्धाश्रम. हा शब्द दादाने काढला, मी नाही. मी म्हटलं, माझ्या जिवात जीव असेपर्यंत ते होणार नाही. जरा नाटकीच झालं. पण म्हटलं ते मनापासून.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

शेजारच्या हेडबाई कुंपणाच्या भिंतीशी आल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, आवाज मात्र अजून मैदानाच्या टोकापर्यंत जातो. आम्ही इथे राहायला आल्यापासून त्यांच्याशी बोलणं म्हणजे "पाणी आलं का?" आणि "आलं."

"इथे भिंत किती उंच येणार?"

नवरा म्हणाला, छतापर्यंत.

"म्हणजे माझ्या खिडकीसमोर."

"बाई, ती कोठीची खिडकी. तिथे उजेड काय करायचाय?"

मी हसले. खरंच होतं ते. दोन्ही घरं एकाच नकाशाची, फक्त आरशात बघितल्यासारखी उलटी. आमच्या कोठीत रिकामे डबे, मोडका पंखा आणि कुणी तरी भेट दिलेला, कधीच न उघडलेला भांड्यांचा संच. त्यांच्या कोठीत वेगळं काय असणार?

हेडबाईंनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ. "माझ्या भिंतीला हात लावायचा नाही," म्हणाल्या आणि गेल्या. कुंपणाची भिंत त्यांची आहे, हे खरं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

नवरा सकाळपासून त्याच वाक्यावर. "हात लावू नका म्हणे. मला काय हौस आलीय?" शेवटी मिस्त्रीला जाऊन सांगितलं — बाईंच्या कुंपणाला आपली एक वीट चिकटता कामा नये. वीतभर जागा सोडून बांध. मिस्त्रीने विचारलं, वीत कुणाची? नवऱ्याने पंजा ताणून दाखवला. दाखवताना हात कुंपणाला लागलाच.

"होऊन जाईल," मिस्त्री.

२३ फेब्रुवारी, रविवार

बाबांना फोन. खोलीचं सगळं सांगितलं. पलंग कुठे येणार, बाथरूममध्ये धरायला दांडी कुठे. बाबा म्हणाले, "बरं." दार रुंद ठेवलंय, वॉकर सरळ आत जाईल. "बरं." फरशी खरबरीत घेतली, पाय घसरणार नाही. "बरं." खिडकी पुढच्या बाजूला, ऊन भरपूर. "बरं. तुमच्याकडे थंडी आहे का अजून?"

बाबांचं हे असंच. भिडस्त. आपल्यासाठी कुणी काही करतंय म्हटलं की संकोचतात. दादाच्या चौथ्या मजल्यावर दिवसभर एकटे असतात, दादा-वहिनी दोघंही कामावर. काय हाल होत असतील! माझ्याकडे आले की सगळं मार्गी लागेल.

२ मार्च, रविवार

भिंत कमरेएवढी. विटा अर्ध्या रस्त्यावर उतरवून ठेवल्यात, येणारा-जाणारा प्रत्येक जण आमच्या नावाने काहीतरी पुटपुटत जातो. नवऱ्याने आज देखरेख केली. म्हणजे खुर्ची टाकून बसला.

९ मार्च, रविवार

भिंत खांद्याएवढी. हेडबाईंच्या कोठीत भर दुपारी दिवा लागलेला दिसला. नवरा म्हणाला, डब्यांना अभ्यास करायचा असेल.

१२ मार्च, बुधवार

नगरपालिकेचा माणूस येऊन गेला, त्यासाठी दोघांची रजा. कुणीतरी तक्रार केलीय म्हणे. कुणी, ते सांगायला ज्योतिषी नको. त्याने फीत लावून सगळं मोजलं, चहा घेतला, दुसरा कप नको म्हणत घेतला, आणि "नियमात आहे" असं सांगून गेला. नवरा दिवसभर खुशीत. फाटकाशी उभा राहून उगीचच मोठ्याने फोनवर बोलत होता — "हो हो, सगळं नियमात!" पलीकडे खरंच कुणी होतं की नाही, देव जाणे.

१९ मार्च, बुधवार

कचेरीतून यायला उशीर. तीन मार्गांच्या फेऱ्या बदलायच्या होत्या. बसच्या वेळापत्रकात सकाळची एक गाडी उशिरा सुटली की दिवसभराचं सगळं ढासळतं, आणि शिव्या वेळापत्रक करणाऱ्याला. इतकी वर्षं हेच करतेय. म्हणून खोलीचंही मी वेळापत्रक केलंय आणि फ्रीजवर लावलंय. मिस्त्रीने ते वाचलं. म्हणाला, अक्षर छान आहे.

६ एप्रिल, रविवार

पत्रे चढले. खोलीला छप्पर आलं. आत उभी राहिले. ओल्या सिमेंटचा वास. जिथे पलंग येणार तिथे मिस्त्रीच्या माणसाने डबा उघडून जेवण मांडलं होतं. मी त्याला म्हटलं, बस, बस, ती माझ्या वडिलांची जागा आहे. तो घाईने उठायला लागला. म्हटलं, अरे, बस म्हणतेय.

१२ एप्रिल, शनिवार

अवेळी पाऊस, दोन तास. आणि हेडबाईंच्या बाजूची भिंत आतून ओली! हात लावला तर हाताला पाणी. बाबांची छाती नाजूक आहे. डॉक्टरांनी बजावलंय, ओल असलेल्या खोलीत त्यांना ठेवायचं नाही, मागच्या वेळी न्यूमोनियातून कसेबसे उठलेत.

मिस्त्रीला बोलावलं. तो म्हणाला, बाहेरून प्लास्टर झालं की ओल थांबेल. मी म्हटलं, मग करा ना. तो फटीशी जाऊन उभा राहिला. मग नवरा जाऊन उभा राहिला. मग मी गेले. आमची भिंत आणि बाईंचं कुंपण, मध्ये नवऱ्याची वीत. तिच्यातून एक मांजर आमच्याकडे बघत आरामात चालत गेलं.

मांजर जाईल. मिस्त्री जाणार नाही. चिकटून बांधलं असतं तर निदान खालच्या अंगाला कुंपणाचा आडोसा मिळाला असता. दीड-दोन फूट सोडलं असतं तर माणूस उभा राहिला असता. आम्ही नेमकी वीत सोडली. आणि ते तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही!

१३ एप्रिल, रविवार

मिस्त्रीची युक्ती. लांब बांबूच्या टोकाला थापी बांधली आणि पत्र्यावर पालथं पडून वरून माल लावायला सुरुवात. एक घमेलं संपलं. त्यातलं अर्धं फटीत, उरलेलं बाईंच्या कुंपणावर, भिंतीवर फक्त डाग. दुसरं घमेलं संपल्यावर तो खाली उतरला. माल लावायचा तर बाईंच्या बोळात परांची बांधायला हवी, म्हणजे त्यांच्या अंगणात शिरायला हवं.

नवऱ्याने नाक फेंदारलं. त्यांच्या दारात मी जाणार नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

नवरा गेला. फाटकातूनच परत आला. बाई म्हणाल्या, "माझ्या घरात गडबड चालायची नाही. माणसं आत येणार नाहीत." कारण? "कारण मी तुम्हाला दिलेलं आहे." एवढंच.

नवरा म्हणतो, सूड आहे हा. मलाही तसंच वाटतं. एकटीच बाई, पोर ना बाळ, कुणाशी भांडणार? आमच्याशी.

२० एप्रिल, रविवार

आतून ओल थांबवणारा रंग लावून बघितला. बाहेरून पाइपने पाणी मारलं. तासाभरात रंगाला फोड आले. मिस्त्री फोडांकडे बघत राहिला आणि पहिल्यांदाच काही बोलला नाही.

दादाचा फोन. सामान बांधायला घेतलंय. खोली कुठपर्यंत आली? म्हटलं, होऊन जाईल. आणि स्वतःचाच आवाज ऐकून घाबरले.

२६ एप्रिल, शनिवार

भांडायचं ठरवूनच गेले. वाक्यं तयार होती. हेडबाई फाटकाशी आल्या, फाटक बंदच ठेवून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "बाई, राग आमच्यावर आहे ना तुमचा? मग माझ्या वडिलांवर कशाला काढता? त्यांची छाती नाजूक आहे. त्या ओलीत ठेवलं तर ते राहायचे नाहीत."

"वडिलांसाठी आहे का ती खोली?"

"हो. मग?"

"मला वाटलं, भाड्याने द्यायला बांधताय." त्यांनी कडी काढली. "आत या. चपला असू द्यात पायात."

घर आमचंच, पण उलटं. माझे पाय आपोआप चुकीच्या बाजूला वळत होते. जिना दुसरीकडे, स्वयंपाकघर दुसरीकडे. मग ते दार. कोठीचं. हेडबाईंनी ढकललं आणि बाजूला झाल्या.

आत पलंग होता. पलंगावर एक म्हातारी बाई, हेडबाईंसारखंच कपाळ, पण चेहरा एका बाजूला ओढलेला. उशाशी औषधं, पायाशी घडी केलेली चादर. डोक्यावर दिवा जळत होता. सकाळचे अकरा वाजले होते. आणि खिडकीत आमची भिंत. उघड्या विटा, सांध्यांतून ओघळून वाळलेला माल, मिस्त्रीच्या बांबूचे फटकारे. इतकी जवळ, की एकेका विटेवरचे ओरखडे मोजता येत होते.

त्या बाईने माझ्याकडे बघितलं. मग हेडबाईंना विचारलं, "संध्याकाळ झाली का गं?"

"नाही ताई. सकाळच आहे अजून."

बाहेर आल्यावर हेडबाईंनी सांगितलं. मोठी बहीण. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. तिला वर नेता येईना, म्हणून कोठी रिकामी केली. "तुमच्या मोकळ्या जागेवरून उजेड यायचा. तुमची कपड्यांची दोरी दिसायची तिला. रोज मला सांगायची, आज त्यांची निळी चादर वाळतेय, आज शाळेच्या गणवेशासारखा एक शर्ट आहे."

तो नवऱ्याचा शर्ट. मी कितीदा सांगितलं, टाकून दे.

"बाई, सांगायचंत ना आम्हाला!"

"सांगितलं की. पाया खणलात त्याच आठवड्यात येऊन सांगितलं. तुमचे मिस्टर म्हणाले, तिथे उजेड काय करायचाय. तुम्ही हसलात."

"तिथे कुणी आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं."

"सगळ्या गल्लीला माहीत आहे," हेडबाई म्हणाल्या. रागाने नाही. जरा नवल वाटल्यासारखं.

ते खरंच असणार. आम्ही दोघं सकाळी सातला बाहेर पडतो, दिवे लागल्यावर परत येतो, आणि गल्लीतल्या कुणाशी दोन वाक्यांपलीकडे बोलत नाही. त्याचा मला आजवर अभिमानच होता. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

निघताना हेडबाई म्हणाल्या, "पाठवा तुमच्या मिस्त्रीला. भिंत तर उभी राहिलीच आहे. आता ओल येऊन तुमच्या वडिलांचे हाल कशाला?"

२७ एप्रिल, रविवार

नवऱ्याला सांगितलं. तो चहा पीत होता, कप तसाच खाली ठेवला.

"आपली भिंत नियमात आहे."

"आहे."

"मोजून गेलाय तो माणूस."

"हो."

"मग?"

"मग काही नाही."

दुपारी परांची बांधली. मिस्त्री खूश. "म्हटलं होतं ना? होऊन जाईल." त्याला सांगितलंय, आवाज कमी, बाईंच्या बोळात गाणी लावायची नाहीत. त्याने का म्हणून विचारलं नाही. माणूस शहाणा की बेफिकीर, ते मला अजून कळलेलं नाही.

२८ एप्रिल, सोमवार

निम्मी भिंत प्लास्टर झाली. काम सुरेख. खोली आतून कोरडी होईल. बाबा वेळेवर येतील. जे हवं होतं ते सगळं मिळालंय.

२९ एप्रिल, मंगळवार

कचेरीत फेऱ्यांचा तक्ता समोर, आणि मी कोपऱ्यात खोलीचं चित्र काढत बसलेले. खोलीचा मागचा अर्धा भाग पाडला तर बाईंची खिडकी पूर्ण मोकळी होते. पण त्याच भागात बाथरूम आहे. ती आमच्या कोठीत हलवावी लागेल. नळ, मोरी, फरशी, सगळं नव्याने. म्हणजे जुलै. बाबांची तारीख मे.

एका अरुंद रस्त्यावर समोरासमोर दोन गाड्या आल्या, तर कुणी थांबायचं ते नियमात लिहिलेलं असतं. मी डोकं न चालवता सांगू शकते. इथे मी दिवसभर डोकं चालवतेय आणि सांगता येत नाही.

३० एप्रिल, बुधवार

माझ्या वडिलांना ऊन मिळावं म्हणून मी दुसऱ्या कुणाची तरी सकाळ बंद केली. लाज वाटते. इथे लिहितानाही वाटते.

आणि बाबा? त्यांना दिलेला शब्द? त्याचीही लाज वाटणारच आहे. दोन्हीकडून वाटायची असेल तर निदान जी दुरुस्त करता येते ती तरी करावी.

१ मे, गुरुवार

मिस्त्रीला सांगितलं, थांबवा. मागचा भाग पाडायचा.

"पाडायचा?"

"पाडायचा. बाथरूम कोठीत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मला खोली हवी."

त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं. "बघावं लागेल," म्हणाला. एवढ्या महिन्यांत त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं हे.

नवऱ्याला सकाळी सांगून निघाले होते; १ मेची सुट्टी त्याला, बसच्या कचेरीला नाही. आता भांडण होणार असं धरूनच संध्याकाळी घरी आले. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. डबे, मोडका पंखा, भांड्यांचा संच. कोठी रिकामी करून तो पायरीवर घाम पुसत बसला होता. म्हणाला, "ही भांडी कुणी दिली होती गं?" मी म्हटलं, "तुझ्या मावशीने." म्हणाला, "बरी आहेत की."

२ मे, शुक्रवार

दादाचा फोन. फोन कसला, तोफ. "तुला बाबांपेक्षा शेजारीण जवळची झाली?" म्हटलं, तसं नाही रे. "तसंच आहे. ती कोण कुठली, आणि इथे आपला बाप! वृद्धाश्रम म्हटलं तेव्हा तूच माझ्या अंगावर आली होतीस." आले होते. "मग आता तूच सांग त्यांना. मी सांगणार नाही."

बाबांना सांगितलं. सगळं. खिडकी, दिवा, ती बहीण. ते ऐकत होते. मग म्हणाले, "बरं."

"फक्त जुलैपर्यंत, बाबा. खोली झाली की त्याच दिवशी न्यायला येते. शप्पथ."

"बरं. तिथे अंघोळीला गरम पाणी असतं का, तेवढं विचार."

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. वडील गरम पाणी विचारतात, आणि मी त्यांना सोडून एका भिंतीची काळजी करतेय.

४ मे, रविवार

पाडलं. बांधायला आठवडे लागले, पाडायला एक सकाळ. पत्रे आधी उतरवले, मग मिस्त्रीच्या माणसांनी वरून एकेक थर काढला. दुपारी पट्टीत ऊन आलं. धुरळ्यातून हेडबाईंच्या खिडकीचे गज दिसले. मी आत डोकावले नाही.

संध्याकाळी त्या फाटकाशी आल्या. "आणि वडील?"

सांगितलं, दोन महिने वृद्धाश्रमात.

त्या कुंपणाला धरून उभ्या राहिल्या. "मी हे मागितलं नव्हतं."

"माहीत आहे."

"उद्यापासून तुमच्या मिस्त्रीला पाणी माझ्याकडून घेऊ द्या. तुमचा नळ बारीक धारेचा आहे." आणि गेल्या.

३१ मे, शनिवार

बाबांना सोडून आले. स्वच्छ जागा. लांब व्हरांडा, खुर्च्यांची रांग, साबणाचा वास. खोलीत दुसरे एक गृहस्थ, त्यांनी आम्हाला नमस्कार करून पुन्हा पेपर वर धरला. मी बाबांचे कपडे कपाटात लावले, गोळ्यांची डबी उशाशी ठेवली, वॉकर हाताशी येईल असा उभा केला, मग पुन्हा सरकवला. बाबा म्हणाले, "पुरे आता. नीघ. ट्रॅफिक लागेल."

वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर परत आणलं असतं, आणि ठेवलं कुठे असतं?

८ जून, रविवार

भेटायला गेले. पाच-दहा मिनिटं धड बोलले, मग त्यांची नजर सारखी दाराकडे. घरी यायची घाई झालीय त्यांना, उघड आहे. विचारलं, काही हवंय का? म्हणाले, नाही, तू नीघ, उशीर होईल.

१४ जून, शनिवार

दुपारी फोन केला. जेवायला गेलेत म्हणे. पुन्हा केला. बागेत आहेत म्हणे. संध्याकाळी केला, त्या बाईने जरा थांबा म्हटलं आणि मग परत येऊन, "नंतर बोलतो म्हणाले." रागावलेत. बोलून दाखवायचा स्वभाव नाही, म्हणून टाळतात. रागवायचा हक्क आहे त्यांना.

२२ जून, रविवार

कोठीतली बाथरूम जमली. मोरीचा उतार आधी उलटा झाला होता, पाणी दाराकडे धावत होतं. फोडून पुन्हा केला. नवऱ्याने शुक्रवारी रजा काढून मिस्त्रीच्या शेजारी उकिडवं बसून उतार बघितला. खुर्ची नव्हती!

कपड्यांची दोरी पुन्हा बांधली. गणवेशाचा शर्ट टाकायचा नाही असं ठरलंय.

६ जुलै, रविवार

खोली झाली. आधीपेक्षा लहान, पण नीटस. पलंग, खुर्ची, खिडकी. परवा जोराचा पाऊस झाला, भिंत खडखडीत कोरडी. बाजूचं प्लास्टर बाईंच्या बोळातून पुरं झालं, आणि मागच्या नव्या भिंतीपाशी माणूस उभा राहील एवढी जागा आहे. मिस्त्रीचा हिशेब मिटवला. जाताना तो हेडबाईंकडेही निरोप घ्यायला गेला, तिकडे त्याला चहा मिळाला. आमच्याकडे कुणी विचारायचंच विसरलं.

बाबांना निरोप ठेवला. आठवडाभर रंग वाळू दे, पुढच्या रविवारी न्यायला येते.

१३ जुलै, रविवार

गाडीची पुढची सीट मागे सरकवून, पाठीला उशी ठेवून गेले. बाबा व्हरांड्यात पत्ते खेळत होते. ते, पेपरवाले गृहस्थ आणि आणखी दोघं. सगळे एकमेकांवर ओरडत होते. बाबा ओरडत होते! मला बघून म्हणाले, "एवढा डाव होऊ दे." उभी राहिले. डाव झाला.

"बाबा, सामान भरू?"

त्यांनी पत्ते गोळा केले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "रागावू नकोस. मी येत नाही. दादाकडे चार भिंती होत्या, तुझ्याकडेही दिवसभर त्याच असणार. इथे माणसं आहेत."

"आणि खोली? एवढी सगळी धावपळ? आधी सांगायचं ना!"

"तू खोली कशी आहे ते सांगत होतीस. मला यायचंय का, ते विचारलंच नाहीस."

मग पेपरवाल्यांना सरकायला सांगून मला शेजारी बसवलं आणि नवा डाव वाटला. माझी पानं उचलली. बराच वेळ ती मला दिसेनात.